बँकेचा मेल खरा की खोटा? आधी तपासा



मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत एका सचिव ताईंनी मोबाईल पुढे केला. "मॅडम, बँकेचा मेल आलाय. आजच केवायसी करा, नाहीतर गटाचं खातं बंद होईल म्हणतात." खाली लिंक होती. ताईंनी ती दाबण्याआधी विचारलं, हे फार बरं झालं. त्या खात्यात दहा जणींची बचत आहे.

असा मेल आला तर काय करायचं?

१. घाबरू नका. "आजच करा, नाहीतर खातं बंद" अशी घाई लावली, की संशय घ्या.

२. पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता उघडून वाचा. त्या मेलवर नाव बँकेचं होतं, पत्ता मात्र साधा जीमेलचा!

३. लिंक दाबू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बँकांच्या संकेतस्थळाचं नाव आता 'डॉट बँक डॉट इन'ने संपतं. शेवट वेगळा असेल तर सावध व्हा.

४. खात्री शाखेत जाऊन किंवा पासबुकावरच्या नंबरवर करा. मेलमधल्या नंबरवर फोन लावू नका.

५. ओटीपी, पिन कुणालाच सांगायचा नाही. बँक तो कधीच मागत नाही.

चुकून माहिती दिली गेली, पैसे गेले, तर लपवू नका. लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकतात. आणि बाकीच्या ताईंनो, फसलेल्या ताईला बोल लावू नका. बोलणी बसतील या भीतीनेच उशीर होतो.

पुढच्या बैठकीत हे पाच मुद्दे मोठ्याने वाचा.

तुमची क्षेत्र समन्वयक