चालते ते बदलावे काय?

कोकणात वैशाख महिना आला की कौलारू घरांच्या शाकारणीची लगबग सुरू होते. पाहणाऱ्याला छप्पर धड दिसत असते. घरात ऊन लागत नाही, पालापाचोळा पडत नाही. मग कौले उतरवून ती पुन्हा बसवण्याचा हा खटाटोप कशासाठी, असे एखाद्या पाहुण्यास वाटेल. परंतु घरधन्यास ठाऊक असते की, छपराची खरी परीक्षा उन्हाळ्यात होत नाही. ती मृगाच्या पहिल्या सरीला होते.

संगणक वापरणाऱ्यांपुढेही असाच प्रसंग वारंवार येतो. संगणक म्हणजे केवळ पडदा, कळफलक आणि पेटी नव्हे. त्या यंत्राचा सारा कारभार पाहणारी एक मोठी आज्ञावली त्यात असते. कळ दाबताच पडद्यावर अक्षर उमटवणे, लिहिलेला मजकूर जपून ठेवणे, छपाईयंत्राला काम सांगणे, ही सर्व व्यवस्था ती पाहते. तिला संचालन प्रणाली अथवा ऑपरेटिंग सिस्टिम असे म्हणतात. तिचे निर्माते काही वर्षांनी तिची नवी आवृत्ती काढतात. मग ज्याचा संगणक उत्तम चालला आहे, त्याच्यापुढे पेच उभा राहतो : नवी आवृत्ती घ्यावी की जुनीच ठेवावी? कोणी म्हणतो, ‘जुने ते सोने!’ कोणाला नवे दिसले की ते घेतल्यावाचून राहवत नाही. दोघांचीही उत्तरे विचारापूर्वीच तयार असतात. या प्रश्नाचे उत्तर इतके सोपे नाही, हे पुढील हकीकतीवरून दिसून येईल.

मायक्रोसॉफ्ट या कंपनीने २००१ साली ‘विंडोज एक्सपी’ नावाची संचालन प्रणाली बाजारात आणली. घरे, शाळा, कचेऱ्या, बँका, रुग्णालये अशा सर्व ठिकाणी ती रुळली. पुढे जानेवारी २००७ मध्ये ‘विंडोज व्हिस्टा’ ही नवी प्रणाली सर्वसामान्य ग्राहकांना मिळू लागली. तथापि जुन्या यंत्रांवर ती मंद चाले आणि कित्येक जुनी उपकरणे तिच्याशी जुळेनात. म्हणून असंख्य लोकांनी एक्सपीच ठेवली. त्यांचे काही चुकले काय? मुळीच नाही. एक्सपी नीट चालत होती, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिची देखभालही चालू होती.

ही देखभाल कशाला म्हणतात? मनुष्याने रचलेली कोणतीही मोठी आज्ञावली सर्वस्वी निर्दोष नसते. तिच्यातील काही छिद्रे कित्येक वर्षांनी उघडकीस येतात. अशा छिद्रातून दुष्ट हेतूची माणसे दूर बसून दुसऱ्याच्या संगणकात शिरू शकतात. म्हणून निर्माते छिद्र सापडताच ते बुजवणारी दुरुस्ती तयार करून सर्वांकडे पाठवतात. एक्सपीसाठीचे हे नित्याचे काम ८ एप्रिल २०१४ रोजी थांबले. ही तारीख कंपनीने काही वर्षे आधीच जाहीर केली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी एक्सपीचे संगणक पूर्वीसारखेच सुरू झाले. पडदा तोच, कामाची गतीही तीच. पण त्या छपराला आता शाकारणारा उरला नव्हता. २००७ साली जो निर्णय शहाणपणाचा होता, तोच २०१४ नंतर धोक्याचा ठरला. निर्णय तोच होता. काळ बदलला होता.

यानंतर १२ मे २०१७ हा दिवस उजाडला. त्या दिवशी ‘वॉनाक्राय’ नावाची एक घातक आज्ञावली जगभर पसरली. ती संगणकातील मजकुरास जणू कुलूप लावी आणि ते उघडण्यासाठी खंडणी मागे. दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांना तिची बाधा झाली. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेत ‘ट्रस्ट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या २३६ संस्था होत्या. त्यांपैकी किमान ८० संस्थांच्या कामात व्यत्यय आला. रुग्णांच्या ६,९१२ ठरलेल्या भेटी रद्द झाल्याची नोंद झाली. काही भागांत तातडीच्या उपचारांसाठी रुग्णांना दूरच्या रुग्णालयात जावे लागले. एका छिद्राची किंमत निरपराध आजाऱ्यांना मोजावी लागली.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. त्या रुग्णालयांतील बाधित संगणकांपैकी बहुतेकांवर एक्सपी नव्हती. त्यांवर ‘विंडोज ७’ ही त्यानंतरची प्रणाली होती. तिची देखभाल तेव्हा चालू होती आणि ते छिद्र बुजवणारी दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजीच, म्हणजे सुमारे दोन महिने आधी, देण्यात आली होती. ती बसवण्याचे मात्र राहून गेले होते. घरात औषध आणून ठेवले, पण घेतलेच नाही, तर ताप कसा उतरावा?

मग नवे येताच ते डोळे मिटून स्वीकारावे काय? तसेही नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘विंडोज १०’ ची एक नवी सुधारणा देण्यात आली. ती बसवताच काही लोकांची साठवलेली कागदपत्रे व छायाचित्रेच नाहीशी झाली. कंपनीने काही दिवसांतच तिचे वाटप थांबवले, दोष दूर केला आणि नोव्हेंबरमध्ये ती पुन्हा दिली. ज्यांनी आपल्या मजकुराची प्रत दुसरीकडे ठेवली होती, त्यांना तो गमावण्याचे भय नव्हते.

तेव्हा सुज्ञ मनुष्य आधी काही प्रश्न विचारतो. आपल्या प्रणालीची देखभाल अद्याप चालू आहे काय? आलेल्या दुरुस्त्या आपण बसवल्या आहेत काय? नवी प्रणाली आपल्या यंत्राला पेलेल काय, आणि आपली नित्याची कामे तिच्यावर होतील काय? सर्व मजकुराची प्रत सुरक्षित आहे काय? जेथे अनेक संगणक असतात, तेथे तो प्रथम एकावर नवी प्रणाली बसवून पाहतो व मग इतरांना हात लावतो. रुग्णालयातील काही तपासणी-यंत्रांप्रमाणे जेथे जुनी प्रणाली बदलणेच शक्य नसते, तेथे तो ते यंत्र इतर संगणकांच्या जाळ्यापासून वेगळे ठेवतो.

हा प्रश्न एकदा सोडवून कायमचा सुटत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची सर्वसाधारण देखभालही थांबली आणि अनेक घरांत व कचेऱ्यांत तोच पेच पुन्हा उभा राहिला. ‘चालते आहे’ एवढे उत्तर अशा वेळी पुरेसे नसते. ते अजून कोणी सांभाळत आहे काय, हेही पाहावे लागते. आणि ते पाहण्याची वेळ पाऊस सुरू झाल्यावर नव्हे, तर वैशाखातच असते.

स्वाध्याय

१. २००७ साली योग्य असलेला निर्णय २०१४ नंतर धोक्याचा का ठरला?
२. ‘घरात औषध आणून ठेवले, पण घेतलेच नाही’ हे वाक्य कोणत्या प्रसंगास उद्देशून आहे?
३. तुमच्या घरातील एखादी जुनी पण चालू वस्तू निवडा. ती ठेवावी की बदलावी, हे ठरवण्यासाठी कोणते प्रश्न विचाराल, ते लिहा.