हृदय थकलंय, सलाईन लावू नका

‘डॉक्टर, अंगात ताकदच नाही, एखादी बाटली लावा ना.’ हृदयाचं पंपिंग कमी झालेल्या रुग्णांचा हा हट्ट काही केल्या सुटत नाही.

त्या बाटलीत असतं काय? अर्ध्या लिटरच्या डीएनएस सलाईनमध्ये २५ ग्रॅम साखर, म्हणजे जेमतेम एका पोळीएवढी ऊर्जा. सोबत साडेचार ग्रॅम मीठ! निरोगी माणसानेही दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. इथे ते पाण्यासह थेट शिरेत जातं. एका शेतकरी आजोबांना थकव्यासाठी गावात अशा दोन बाटल्या लावल्या. रात्री त्यांना आडवं होता येईना, फुप्फुसांत पाणी भरलेलं. आजोबा वाचले, पण बाटली लावणाऱ्याने छाती तपासलीसुद्धा नव्हती, याचा संताप येतो.

मुळात थकलेल्या हृदयाला साखरेची टंचाई नसतेच. हृदयाच्या स्नायूपेशीचा सुमारे एक तृतीयांश भाग मायटोकॉन्ड्रियांनी, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघरांनी, व्यापलेला असतो. चरबी आणि साखर जाळून तिथे एटीपी हे पेशीचं वापरायचं इंधन बनतं. त्याचा साठा काही सेकंदांपुरताच, त्यामुळे हे काम अखंड चालावं लागतं. हृदय निकामी होऊ लागलं की हे मायटोकॉन्ड्रियाच बिघडतात. साखर-चरबी रक्तात असते, पण नीट वापरता येत नाही. अशा वेळी जोर वाढवणारं औषध देत राहणं म्हणजे दमलेल्या बैलावर आसूड ओढणं. मिलरिनोन तसंच औषध. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रॉमिस’ चाचणीत त्याच्या गोळ्या घेणाऱ्यांत मृत्यू वाढले. उलट बीटा-ब्लॉकर ठोके मंद करतात, हृदयाचा खर्च वाचवतात, आयुष्य वाढवतात. आणि लोक नेमकी तीच गोळी ‘नाडी कमी झाली’ म्हणून परस्पर बंद करतात! कृपा करून करू नका. सुरुवातीचा थकवा बहुतेकांचा ओसरतो. चक्कर आली तर सांगा, डोस आम्ही बदलू. नियमित उपचारांनी अनेकांचं पंपिंग सुधारतं, माणसं पुन्हा कामाला लागतात.

हृदयाच्या ताकदीसाठी म्हणून मोबाइलवर जाहिरात होणाऱ्या को-क्यू-टेनच्या कॅप्सूल या गोळ्यांची जागा घेऊ शकत नाहीत. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅक तर शरीरात मीठ-पाणी अडवते; ती नकोच.

रोज सकाळी लघवीनंतर वजन करा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पावलं सुजली, झोपताना जास्त उशा लागू लागल्या किंवा रात्री धाप लागून जाग आली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. बसल्या जागी दम लागला, ओठ निळे पडले, खोकल्यातून गुलाबी फेस आला, तर रुग्णाला टेकून बसवा, १०८ला फोन करा आणि निघताना गोळ्यांची पिशवी सोबत घ्या.