‘लागणें’ ह्या क्रियापदाचा अभ्यास

मराठींत कांहीं क्रियापदें दिसावयास लहान, परंतु वापरावयास कठीण आहेत. ‘लागणें’ हें त्यांपैकीं एक. आपल्या शाळांत हिंदीही शिकवितात आणि हिंदीचें ‘लगना’ हें ह्याचें सख्खें भावंड आहे. चेहरे सारखे, पण स्वभाव निराळे; म्हणून उत्तरपत्रिकांत पुष्कळ घोटाळे होतात, असा आमचा अनुभव आहे.

संस्कृत ‘लग्’ धातूचा अर्थ चिकटणें, संलग्न होणें. ‘लग्न’ हा शब्दही त्याच धातूपासून झाला. हा मूळ अर्थ ध्यानांत ठेवावा. होडी तीरास लागते, झाडास फळ लागतें, घरास आग लागते. सर्वत्र एक वस्तु दुसरीस जाऊन भिडते. पुढें अर्थ पसरत जातो. पुण्याहून मुंबईस जातांना लोणावळें लागतें, परीक्षेचा निकाल लागतो, कठीण ओळीचा अर्थ लागतो. ‘मला चहा लागतो’ येथें गरज आहे. ‘चहा गोड लागतो’ येथें चव आहे.

दुसऱ्या क्रियापदाशीं जोड झाली कीं त्याचें रूप पाहावें. ‘तो जाऊं लागला’ म्हणजे आरंभ. ‘त्याला जावें लागलें’ म्हणजे सक्ति. शिवाजी महाराजांस १६६५ सालीं पुरंदरचा तह करावा लागला. ह्याऐवजीं ‘तह करूं लागले’ असें लिहिल्यास व्याकरण सुटत नाहीं, पण इतिहास सुटतो; कारण जयसिंगाच्या वेढ्याचा सारा दाब त्या ‘करावा’ ह्या रूपांत आहे.

आतां हिंदीकडे वळूं. ‘भूख लगी’ म्हणजे ‘भूक लागली’, ‘रोने लगा’ म्हणजे ‘रडूं लागला’. येथवर जुळतें, म्हणून विश्वास बसतो आणि पुढें घात होतो. ‘मुझे डर लगता है’ ह्याचें मराठी ‘मला भीति वाटते’. ‘मुझे लगता है’ ह्याचें ‘मला वाटतें’. तेथें ‘मला लागतें’ लिहिल्यास वाचक विचारील, काय लागतें? ‘मुझे पुणे अच्छा लगता है’ म्हणजे ‘मला पुणें आवडतें’. ‘पुणें चांगलें लागतें’ असें म्हटल्यास पुणें हा खाण्याचा पदार्थ ठरेल! उलट, ‘जावें लागलें’ ह्यास हिंदींत ‘जाना पड़ा’ असें म्हणतात. तेथें ‘लगना’ चालत नाहीं.

मोल्सवर्थसाहेबांनीं कॅंडी बंधूंच्या साह्यानें केलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला; त्याची दुसरी आवृत्ति १८५७ सालची. असा कोश उघडून हा शब्द अवश्य पाहावा, पण पहिलाच अर्थ उचलून उठूं नये. विद्यार्थ्यांनीं एका शब्दास एक प्रतिशब्द पाठ न करतां सबंध वाक्य लक्षांत ठेवावें. अभ्यासाकरितां ‘वेळ लागणें’, ‘नाद लागणें’, ‘शोध लागणें’ व ‘मनास लागणें’ ह्यांचीं वाक्यें करून त्यांचें हिंदी व इंग्रजी भाषांतर करावें.

ढवळ्याशेजारीं बांधला पवळ्या, वाण नाहीं पण गुण लागला, अशी आपली म्हण आहे. शब्दांसही शेजाऱ्याचा गुण लागतो. म्हणून अर्थ ठरविण्यापूर्वीं शेजार पाहावा.