तांब्याभर पाणी : लक्ष्मीबाई टिळकांसोबत एक अभ्यास

शास्त्रभाग : योहान ४:१–४२, प्रेषितांची कृत्ये १०, गलतीकरांस पत्र २:११–१४



ख्रिस्ती आध्यात्मिक ग्रंथ म्हटले की ऑगस्टीन, थॉमस अ केम्पिस, बनियन ही नावे आपल्या ओठांवर येतात. नाशिककरांनी त्यांच्या शेजारी आणखी एक पुस्तक ठेवावे : लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. मराठी साहित्यात त्याचा मान मोठा आहे, आणि कदाचित त्यामुळेच मंडळीत ते अभ्यासासाठी सहसा उघडले जात नाही. विनोदी आठवणींचे पुस्तक म्हणून आपण ते वाचतो, हसतो आणि ठेवून देतो.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली आपल्याच नाशिकजवळच्या जलालपूरचा. १८५७ च्या बंडानंतर त्यांच्या आजोबांना फाशी झाली होती. त्या धक्क्यानंतर वडिलांचे सोवळे इतके वाढले की बाजारातून आणलेले जिन्नससुद्धा घरात धुऊन घ्यावे लागत. ज्या मुलीने बालपणी हे पाहिले, तिचे पती नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तिच्यावर काय कोसळले असेल, याचा विचार केल्याशिवाय पुढचे वाचू नये.

त्यानंतर ताटातूट झाली. पुढे दोघे पुन्हा एकत्र आले, तरी लक्ष्मीबाईंनी आपली चूल आणि आपले पाणी वेगळेच ठेवले. पती ख्रिस्ती, पत्नी सोवळ्यात, असा तो संसार होता. मग एके दिवशी त्या स्वतःशीच विचार करू लागल्या : जात देवाने केली की माणसाने? देवाने पशुपक्ष्यांत वेगवेगळे आकार केले, ते डोळ्यांना दिसतात. माणसांत तसा फरक कुठे आहे? जन्म सारखा, मरण सारखे, हाडेमांस सारखे. तेव्हा ही माणसाचीच करणी, असे ठरवून त्यांनी निश्चय केला की यापुढे कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे. त्यांचा बाप्तिस्मा याच्यानंतरचा, १९०० सालचा.

हा क्रम महत्त्वाचा आहे. ऑगस्टीनला ३८६ साली मिलान येथील बागेत पौलाचे पत्र उघडल्यावर मनःशांती मिळाली आणि पुढच्या वर्षी त्याने बाप्तिस्मा घेतला. त्याचे ‘कबुलीजबाब’ हे पुस्तक इच्छाशक्तीच्या लढाईचे आहे. लक्ष्मीबाईंची लढाई स्वयंपाकघरात झाली. आधी हात मोकळा झाला, मग अंतःकरण. पुष्कळदा आपण याच्या उलट मानतो : विश्वास धरला की बाकीचे आपोआप सुटेल.

ते आपोआप सुटत नाही, हे पेत्रावरून कळते. यापोत त्याला दर्शन झाले, कर्नेल्याच्या घरी त्याने विदेश्यांवर पवित्र आत्मा उतरताना पाहिला. तरीही अंत्युखियात याकोबाकडून काही लोक आले तेव्हा तो विदेशी विश्वासणाऱ्यांच्या पंगतीतून उठला. पौलाने त्याला सर्वांसमोर सुनावले. पौलाच्या लेखी हा सभ्यतेचा प्रश्न नव्हता. त्याने थेट म्हटले की हे सुवार्तेच्या सत्याला धरून नाही. ‘जेवण’ हा शब्द आपल्या सिद्धांतग्रंथांच्या अनुक्रमणिकेत सापडत नाही, पण इथे सगळा सिद्धांत ताटावरच उभा आहे.

आता योहान ४ कडे या. याकोबाच्या विहिरीवर येशू शोमरोनी स्त्रीला काही देण्याआधी तिच्याकडे मागतो : पाणी. तिला आश्चर्य वाटते ते याचेच. जिवंत पाण्याचे बोलणे नंतर येते.

आम्ही पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवर वह्या, ब्लँकेटे, औषधे घेऊन जातो, तेव्हा गाडीत पाण्याच्या बाटल्याही नेतो. झोपडीत तांब्या पुढे येतो आणि आम्ही म्हणतो, ‘नको मावशी, आत्ताच प्यायलो.’ कारण साधे असते, पोट बिघडेल. मे महिन्यात पाड्यावरच्या पाण्याची खात्री नसते, हे खरेच, आणि तब्येत सांभाळणे पाप नाही. मग उकळलेला कोरा चहा घ्यावा, नागलीची भाकर घ्यावी. पण ज्या बाईने डोक्यावर हंडा घेऊन दुरून ते पाणी आणले आहे, तिच्या हातून काहीच न घेता परतणे तिला काय सांगून जाते? आपल्या मनातले कारण तिला दिसत नाही. तिला परत गेलेला तांब्या दिसतो. तिच्या आईने आणि आजीने असे तांबे दुसऱ्या कारणांनी परत गेलेले पाहिले आहेत.

लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नव्हत्या. तरीही टिळकांनी ९ मे १९१९ रोजी देह ठेवला, तेव्हा ‘ख्रिस्तायन’ महाकाव्याचे सुमारे अकराच अध्याय झाले होते आणि पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहून पुरे केले. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाले. १९३६ साली त्या नाशिकमध्येच वारल्या. शेवटचा भाग त्यानंतर निघाला. धर्मज्ञान केवळ पदवीधरांकडून येते, असे मानणाऱ्या आपल्या काही मंडळ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

घरसभेसाठी सूचना : ‘स्मृतिचित्रे’मधील जातीविषयीच्या विचाराचा भाग एकाने मोठ्याने वाचावा, त्यानंतर गलतीकरांस २ मधील चार वचने वाचावीत. शक्य असल्यास पाड्यावरच्या एखाद्या कुटुंबाला सभेला बोलवावे, आणि त्या दिवशीचा चहा कोणाच्या घरी व्हावा, हे त्यांनाच ठरवू द्यावे.