पोच घेतल्याशिवाय उठू नको

बारावी झाली, आता तू महाडला एफवायला येणार. एसटीचा पास, वह्या, ड्रेस यांची धावपळ सुरू झालीच असेल. पण त्या सगळ्याच्या आधी एक काम कर. तुझ्या बाबांना पोलादपूरच्या तहसीलला पाठव आणि या वर्षीचा उत्पन्नाचा दाखला काढून घे. दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणून तो एक एप्रिलनंतरचाच हवा. जूनमध्ये सेतू केंद्रात जी रांग लागते, ती मला चांगली माहीत आहे. तेव्हा सर्व्हर बंद असतो, तलाठी पंचनाम्याला गेलेले असतात, आणि पोरं दरडींच्या दिवसांत पितळवाडी, कापडे, उमरठहून हेलपाटे घालत राहतात.

माझी सगळी नोकरी कॉलेजच्या ऑफिसात, शिष्यवृत्तीच्या टेबलावर गेली. त्या टेबलावरून मी जे पाहिलं ते सांगते. आपल्या भागात मुलं हुशार आहेत, योजनाही पुष्कळ आहेत. पैसे अडतात ते मधल्या वाटेत. कुणाच्या नावात एक अक्षर चुकलेलं असतं, कुणाचा अर्ज परत आलेला असतो आणि त्याने तो उघडून पाहिलेलाच नसतो.

आपण महाडची माणसं. मिळालेला हक्क आणि हातात आलेला हक्क यांच्यात किती अंतर असतं, हे आपल्याला दुसऱ्या कुणी शिकवायला नको. सी. के. बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मांडला आणि तो मंजूर झाला, तो १९२३ साली. महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला १९२४ साली. कागदावर तळं आपलं झालं. पण ओंजळभर पाणी कुणी घेऊ शकलं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसांना घेऊन तळ्यावर गेले, तेव्हा तो ठराव खरा झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने ठराव मागे घेतला, डिसेंबरात बाबासाहेबांवरच दावा लागला, आणि हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडलं. इतकी वर्षं बाबासाहेबांनी तो दावा लढवणं सोडलं नाही. तू एका वर्षाच्या अर्जाचा पाठपुरावा कंटाळून सोडू नको, एवढंच माझं मागणं.

आणि तू जो फॉर्म भरणार आहेस, भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा, ती योजना सुरू झाली १९४४ साली. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. तेव्हा टेबलापुढे उभी राहशील ती मान वर करून. तिथे कुणी तुझ्यावर उपकार करत नाही.

आता कागदांचं बघू. दहावीचं गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, जातीचा दाखला आणि बँकेचं पासबुक, ही पाचही शेजारी शेजारी ठेव आणि नाव मोठ्याने वाच. तुझं, वडिलांचं, आडनाव, आणि इंग्रजी स्पेलिंगसुद्धा. एका ठिकाणी 'सिद्धार्थ'ला एक डी, दुसरीकडे दोन, असं हमखास सापडतं. सापडलं की आधार दहावीच्या गुणपत्रकाप्रमाणे दुरुस्त करून घे, उलटं करायला जाऊ नको. बोर्डाच्या गुणपत्रकावरचं नाव बदलणं फार अवघड, आधारवरचं त्या मानाने सोपं. जन्मतारखेचंही तसंच.

जातीचा दाखला प्रांत ऑफिसातून मिळतो, पण पडताळणी अलिबागला. पदवीनंतर किंवा मधेच एखाद्या व्यावसायिक कोर्सकडे वळायचं तुझ्या मनात असेल, तर वैधता प्रमाणपत्राचं काम आजच सुरू कर. त्यासाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. तुझ्या पणजोबांच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा तुझ्या मोठ्या काकांकडे आहे. तो नसता तर गाव नमुना १४ मधली जन्माची नोंद शोधत बसावं लागलं असतं. ओबीसी मैत्रिणींना सांग, त्यांच्यासाठी ती तारीख १३ ऑक्टोबर १९६७, आणि भटक्या विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१. ज्यांच्या घरी असा जुना कागद आहे, त्यांनी तो आजच शोधून ठेवावा.

आणि कागद ठेवायचे कुठे, हेही सांगते. जुलै २०२१ मध्ये सावित्री नदीचं पाणी महाडच्या घराघरांत शिरलं. नंतर टेबलावर मुलं गुणपत्रकं घेऊन आली, ती लॅमिनेशन केलेली होती. कडेने पाणी आत शिरलेलं, मध्ये तपकिरी गाळाची रेघ, आणि सीट नंबर नेमका त्या रेघेखाली. मूळ कागदाला लॅमिनेशन करू नको. आत ओल गेली की कागद सोडवताही येत नाही, आणि काही ठिकाणी असा कागद घेतही नाहीत. चांगल्या जाड पिशवीत घालून माळ्यावर ठेव, डिजिलॉकरमध्ये उतरवून घे, आणि प्रत्येकाचा स्कॅन स्वतःच्या मेलवर पाठवून ठेव. दुसऱ्याच्या मेलवर, सेतूवाल्याच्या पेनड्राइव्हवर नको.

अर्ज महाडीबीटी पोर्टलवर. सेतूत किंवा सायबर कॅफेत भरलास तरी चालेल, पण युजरनेम आणि पासवर्ड तुझ्याच वहीत, आणि मोबाइल नंबर तुझाच. मी अशा किती मुली पाहिल्या, ज्यांचा ओटीपी दुकानदाराच्या फोनवर जायचा. सबमिट केल्यावर अर्जाचा क्रमांक लिहून घे आणि दर आठ दिवसांनी लॉगिन करून बघ. अर्जाची वाट आधी कॉलेजच्या ऑफिसातून आणि मग समाज कल्याणच्या सहायक आयुक्तांच्या ऑफिसातून जाते. यातल्या कुणालाही त्रुटी दिसली की अर्ज 'सेंड बॅक' होतो. घाबरायचं काही नसतं. काय चुकलंय ते तिथेच लिहिलेलं असतं, दुरुस्त करायचं आणि पुन्हा पाठवायचं. पण मुदतीत. मुदतीनंतर त्याच अर्जाला कुणी वाली नसतो.

बँकेचं मात्र नीट ऐक, कारण यातच सर्वांत जास्त पोरं फसतात. फॉर्मवर तू कुठला खाते क्रमांक लिहितेस यावर पैसे ठरत नाहीत. ते आधारवरून येतात, आणि तुझं आधार शेवटचं ज्या बँकेशी जोडलं गेलंय, त्या बँकेत पडतात. सिमकार्ड घेताना किंवा कसल्या ॲपला अंगठा देताना कुणी तुझ्या नावाने पेमेंट बँकेचं खातं उघडलं असेल, तर शिष्यवृत्ती तिकडे जाते आणि तू पासबुक भरत बसतेस. आधी बँकेत जाऊन विचार, 'माझं आधार डीबीटीसाठी कुठल्या बँकेला सीड आहे?' आणि ज्या खात्यात पैसे हवेत तिथे सीडिंगचा फॉर्म भरून दे.

पैसे आले की घरात सगळ्यांना समजावून सांग. त्यातला फीचा हिस्सा आपला नाही, कॉलेजचा आहे. आता फीची रक्कमही विद्यार्थ्याच्याच खात्यात येते, आणि ती कॉलेजात भरायची असते. गणपतीत, भातलावणीत किंवा कुणाच्या दवाखान्यात ते पैसे गेले की पुढच्या वर्षी प्रवेशाच्या वेळी ती बाकी दारात उभी राहते. आपल्या हातात राहतो तो निर्वाह भत्ता. आणि हेही लक्षात ठेव, पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क आधी भरायला लावू नये, असे शासनाचे आदेश आहेत. कुणी मागितलं तर शांतपणे सांग आणि लेखी अर्ज दे.

या लेखी अर्जाचं महत्त्व तुला आर. बी. मोरे यांच्यावरून कळेल. १९२७ ची महाडची परिषद ज्यांच्या खटपटीने उभी राहिली, ते मोरे लहानपणी दासगावात शिकले. शिष्यवृत्तीच्या परीक्षेत पास झाले, शिष्यवृत्ती हातात आली, आणि महाडच्या इंग्रजी शाळेने त्यांना प्रवेश नाकारला. अकरा-बारा वर्षांचा मुलगा. त्याने वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. ते छापून आलं, शाळेला प्रवेश द्यावा लागला. बसवलं वर्गाबाहेर, तरी तो शिकला. त्या पत्राची मला फार किंमत वाटते. तुझ्यावर ती वेळ नाही, पण सवय तीच लाव. 'बघू', 'उद्या ये', 'साहेब नाहीत' असं तोंडी कुणी सांगितलं की एका कागदावर दोन ओळी लिही, दोन प्रती कर, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घे. पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नको. ऑफिसातल्या माणसालाही त्याने बरं पडतं. मी स्वतः ज्याच्या हातात पोच असायची त्याचं काम आधी उरकायची.

तुझी ती मैत्रीण, जिचे वडील गवंडीकाम करतात, तिला सांग की वडिलांची बांधकाम कामगार मंडळाकडे नोंदणी करून घे. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नोंदीत कामगाराच्या पहिल्या दोन मुलांना पदवीला वर्षाला २०,००० रुपये मिळतात, आणि त्याला जातीचा प्रश्न येत नाही. आपल्या तालुक्यातली पुष्कळ माणसं बांधकामावर जातात, आणि याची माहिती फार थोड्यांना असते. एमआयडीसीत नोकरीला असलेल्यांच्या मुलांनी कामगार कल्याण मंडळाच्या केंद्रात चौकशी करावी. खुल्या प्रवर्गातल्या मुलामुलींसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना आहे, उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. इंजिनीअरिंगला लोणेऱ्याला किंवा कुठेही कॅपमधून जाणाऱ्या ओबीसी, मराठा आणि ईडब्ल्यूएस मुलींचं तर ८ जुलै २०२४ च्या निर्णयाने शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालंय, उत्पन्नाच्या त्याच मर्यादेत. त्यांना हे सांगायला लाजू नको. माहिती दिल्याने आपलं काही कमी होत नाही.

मुंबईला पुढे शिकायला गेलीस आणि शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही, तर स्वाधार योजना. वर्षाला ६०,००० रुपये, राहण्या-जेवणासाठी. पण वसतिगृहाचा अर्ज आधी केलेला असायला हवा. 'मिळणार नाहीच, कशाला भरू' म्हणून अर्जच न केलेल्या मुली नंतर रडत आलेल्या मी पाहिल्यात.

गुणांवर मिळणाऱ्या शिष्यवृत्त्या वेगळ्या. केंद्राची पदवीची शिष्यवृत्ती बारावीत आपल्या शाखेच्या वरच्या वीस टक्क्यांत आलेल्यांना मिळते, वर्षाला १२,००० रुपये, उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत. तिचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर. विज्ञानात बोर्डाच्या वरच्या एक टक्क्यात असशील तर इन्स्पायर, वर्षाला ८०,०००. दोन सरकारी शिष्यवृत्त्या एका वेळी चालत नाहीत, तेव्हा हिशेब करून एक निवड.

कॉलेजची आणि विद्यापीठाची पारितोषिकं मुलं बघतच नाहीत. कुणाच्या तरी वडिलांच्या, आईच्या नावे ठेवलेली रक्कम असते, मराठीत पहिली येणाऱ्या मुलीसाठी, अर्थशास्त्रात पहिल्या येणाऱ्यासाठी. रक्कम पाचशे रुपये असेल, तरी त्या प्रमाणपत्राची ओळ तुझ्या नावापुढे कायमची राहते. नोटीस बोर्ड वाच. आविष्कार संशोधन स्पर्धेला पदवीच्या मुलांचाही गट असतो, सावित्रीच्या पाण्यावर, भाताच्या जातींवर काम कर आणि उतर. महाड तालुक्यातल्या नाते गावात जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९१२ ला मॅट्रिकला पहिले आले आणि त्यांना संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली. केंब्रिजला त्यांनी वनस्पतिशास्त्राचं पारितोषिक मिळवलं. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. तेव्हा 'हे माझ्या विषयाचं नाही' म्हणून कुठलं पारितोषिक सोडू नको.

शेवटचं, रिन्युअल. शिष्यवृत्तीला मुदत असते. बाबासाहेबांचं बी.ए. सयाजीरावांच्या महिना २५ रुपयांवर झालं, केळुसकर गुरुजींनी त्यांच्यासाठी शब्द टाकला होता. १९१३ साली दहा वर्षं बडोद्याची नोकरी करण्याच्या करारावर सही करून ते कोलंबियाला गेले. पण लंडनचं शिक्षण चालू असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ ला त्यांना प्रबंध अर्धा टाकून परतावं लागलं. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, मित्राकडून उसने घेतले, शाहू महाराजांची मदत घेतली आणि १९२० ला पुन्हा गेले. तुझ्या शिष्यवृत्तीची मुदत एक वर्षाची. एसवायला आणि टीवायला पुन्हा अर्ज करायचा, हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायची नाही, आणि एटीकेटी लागली तर त्या वर्षीचा नियम ऑफिसात विचारून घ्यायचा, मैत्रिणीला नाही.

रविवारी येताना पाचही कागद आण, आणि बाबांचं रेशनकार्डही. त्यात तुझं नाव अजून घातलेलं नाही, असं वहिनी म्हणत होती. सोमवारी सकाळच्या एसटीने मी स्वतः तुझ्याबरोबर तहसीलला येते.