लघुउद्योजक आणि त्याचे सल्लागार

लखनौ शहराच्या पूर्वेस, अयोध्येकडे जाणाऱ्या रस्त्यावर चिनहट वसलेले आहे. इतिहासाच्या पुस्तकांत या गावाचे नाव येते ते ३० जून १८५७ रोजी तेथे झालेल्या लढाईमुळे; सर्वसामान्य घरांत मात्र ते पोहोचले झिलई दिलेल्या मातीच्या भांड्यांमुळे. १९५७ मध्ये उत्तर प्रदेश शासनाच्या नियोजन संशोधन विभागाने येथे कुंभारकामाचे एक प्रायोगिक केंद्र सुरू केले. पुढे ते राज्याच्या लघुउद्योग महामंडळाकडे गेले आणि १९९० नंतरच्या दशकात तोट्यामुळे बंद पडले. काही खाजगी घटकांनी तो व्यवसाय पुढे चालू ठेवला.

या घटनेत प्रत्येक नवोदित उद्योजकासाठी एक बोध आहे. शासकीय केंद्र पाठीशी असते तेव्हा तंत्र, भांडवल, बाजारपेठ यांविषयीच्या अनेक प्रश्नांचा भार संस्था वाहते. ते केंद्र नाहीसे झाले की तेच प्रश्न एकट्या कारागिराच्या दारी येऊन उभे राहतात. चाकावर बसणाऱ्या हाताचे कौशल्य तसूभरही कमी झालेले नसते; परंतु करारनामा कसा वाचावा, कर्ज किती घ्यावे, विमा कशाचा उतरवावा, हे त्या हाताला कोणी शिवकविलेले नसते. अशा वेळी योग्य सल्लागारांची निवड ही चैन नसून भांडवलाइतकीच आवश्यक बाब ठरते. आणि ती निवड कागदावर सही होण्यापूर्वी व्हावयास हवी. नंतर मिळणारा सल्ला बहुधा झालेले नुकसान मोजण्यापुरताच उपयोगी पडतो.

तांत्रिक सल्लागार

मातीच्या धंद्यातील पहिला प्रश्न मातीचाच असतो. भट्टी थंड होताना मातीचे भांडे आणि त्यावरील झिलई ही दोन्ही आकुंचन पावतात. झिलई अधिक आकसली तर तिच्यावर केसासारख्या बारीक भेगांचे जाळे पडते. ती कमी आकसली तर तिचे कपचे सुटतात. हे दोष पुष्कळदा डोळ्यांना उशिरा दिसतात आणि ग्राहकाच्या घरी गेल्यावर प्रकट होतात. शिसेयुक्त झिलईचा धोका तर याहून गंभीर आहे. लोणचे किंवा चिंच यांसारख्या आंबट पदार्थांच्या संपर्काने तिच्यातील शिसे अन्नात उतरू शकते. ज्याला लोणच्याच्या बरण्या विकावयाच्या आहेत, त्याने झिलईची परीक्षा प्रयोगशाळेत करून घेतल्यावाचून पहिली भट्टी लावू नये. केंद्रीय काच व मृत्तिकाशिल्प संशोधन संस्थेचे एक केंद्र उत्तर प्रदेशातच, खुर्जा येथे आहे. खाजगी तज्ज्ञाकडे जाण्यापूर्वी अशा संस्थांचे दार ठोठावणे शहाणपणाचे होय.

लेखापाल

सनदी लेखापालाचे काम वर्षअखेरीस कर भरण्यापुरते असते, असा एक समज रूढ आहे. वस्तुतः त्याचा खरा उपयोग धंदा सुरू होण्यापूर्वीच होतो. समजा, एका घटकाचा मासिक खर्च ४०,००० रुपये आहे. माल घडवून, वाळवून, दोनदा भाजून तयार होण्यास एक महिना लागतो आणि दुकानदार दोन महिन्यांच्या उधारीवर माल नेतो. म्हणजे पहिला रुपया हाती येण्यापूर्वी किमान १,२०,००० रुपये खर्ची पडलेले असतील. भट्टीसाठी कर्ज मिळाले, परंतु या खेळत्या भांडवलाची तरतूद झाली नाही, तर कागदोपत्री नफ्यात असलेला धंदाही चौथ्या महिन्यात अडखळतो. हे गणित अवघड नाही. पण उत्साहाच्या भरात ते कोणी मांडत नाही. ते मांडावयास लावणे हेच चांगल्या लेखापालाचे पहिले कर्तव्य.

१ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराची नोंदणी केव्हा बंधनकारक होते, ती स्वेच्छेने आधीच करणे हिताचे आहे काय, हेही त्यालाच विचारावे.

वकील

भावाभावांत किंवा मित्रामित्रांत सुरू होणारे बहुतेक धंदे तोंडी विश्वासावर उभे असतात. १९३२ च्या भारतीय भागीदारी अधिनियमानुसार भागीदारीची नोंदणी सक्तीची नाही; परंतु नोंदणी नसलेल्या संस्थेला कराराच्या आधारे बाहेरच्या ऋणकोविरुद्ध दावा लावता येत नाही. पैसे अडकल्यानंतर हे कळणे फार महाग पडते. भागीदार निवृत्त झाला किंवा मरण पावला तर पुढे काय, हेही संबंध गोडीचे असतानाच लिहून ठेवावयाचे असते.

२००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमाने लहान पुरवठादाराला एक मोलाचे संरक्षण दिले आहे. खरेदीदाराशी लेखी करार असला तरी सूक्ष्म वा लघु घटकाचे पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांहून अधिक असू शकत नाही. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक-दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. मागणीपत्र आणि माल पोहोचल्याची पावती हाती नसेल तर हा हक्क सिद्ध करणे कठीण. तसेच नव्या घाटाची वा नक्षीची नोंदणी २००० च्या अभिकल्प अधिनियमाखाली करावयाची असल्यास अर्ज सर्वसाधारणपणे ती जगासमोर येण्यापूर्वीच करावा लागतो. प्रदर्शनात मांडून झाल्यावर वकिलाकडे जाणाऱ्याला बहुधा रिकाम्या हाताने परतावे लागते.

बँक आणि विमा

बँकेचा अधिकारी अनेक धंदे उभे राहताना व बुडताना पाहत असतो. त्यामुळे त्याच्या शंका ऐकण्याजोग्या असतात. मात्र तो सावकाराच्या बाजूचा माणूस आहे, याचा विसर पडू देऊ नये. घर गहाण ठेवण्यापूर्वी, २००० मध्ये स्थापन झालेल्या पतहमी निधीच्या योजनेखाली तारणाविना कर्ज मिळू शकेल काय, हे स्पष्ट शब्दांत विचारावे. ही योजना भारत सरकार आणि भारतीय लघुउद्योग विकास बँक यांनी मिळून उभारलेली आहे. त्या बँकेचे मुख्यालय लखनौमध्येच आहे.

विम्याच्या बाबतीत एक भेद ध्यानी ठेवावा. विमा प्रतिनिधी कंपनीच्या वतीने काम करतो, तर परवानाधारक विमा दलाल कायद्याने ग्राहकाच्या वतीने. मोबदला मात्र दलालालाही बहुधा कंपनीकडूनच मिळतो. हप्ता वाचविण्यासाठी ४ लाखांच्या मालाचा विमा २ लाखांचा उतरविला आणि आगीत १ लाखाचे नुकसान झाले, तर प्रमाणाच्या नियमाने भरपाई ५०,००० रुपयांचीच मिळते. भट्टीशेजारी धंदा करणाऱ्याने हा नियम आधीच समजून घ्यावा.

निवड आणि मर्यादा

हे सर्व सल्लागार पहिल्याच दिवशी पदरी बाळगावयास हवेत असे नाही. लेखापाल आणि वकील यांचे प्रारंभीचे काही तास बहुतेकांना पुरेसे होतात. इतरांकडे गरजेप्रमाणे जावे. १९७८ पासून स्थापन झालेली जिल्हा उद्योग केंद्रे आणि केंद्र शासनाचे कानपूर येथील विकास कार्यालय यांच्याकडून प्राथमिक मार्गदर्शन मिळू शकते. सल्लागार निवडताना त्याने याच धंद्यातील किती जणांचे काम केले आहे, शुल्क कामावर आहे की काळावर, आणि प्रत्यक्ष काम तो स्वतः करणार की त्याचा मदतनीस, हे विचारण्यात संकोच नसावा. ठरलेले शुल्क लिहून घ्यावे. कोऱ्या कागदावर सही कोणाच्याही सांगण्यावरून करू नये.

सल्लागार आणि कचेरीबाहेरचा मध्यस्थ यांत गल्लत होऊ देऊ नये. २०२० पासून सुरू असलेली ‘उद्यम’ नोंदणी संपूर्णपणे निःशुल्क आहे. तिच्यासाठी शासकीय शुल्क म्हणून पैसे मागणारा मनुष्य सल्ला विकत नसून समोरच्याचे अज्ञान विकत असतो. प्रत्येक सल्ला देणाऱ्याला त्याचा मोबदला कोण देतो, हा प्रश्न मनाशी एकदा तरी विचारावा. त्याच्या उत्तरावरून सल्ल्याचे वजन बरेचसे कळते.

अखेरीस निर्णय उद्योजकाचाच असतो. लेखापालाला चाक फिरविता येत नाही आणि वकिलाला भट्टीचा रंग पाहून आच ओळखता येत नाही. त्यांचे ज्ञान कारागिराच्या ज्ञानाची जागा घेण्यासाठी नसून त्याचे रक्षण करण्यासाठी आहे. हाताची विद्या पिढ्यानुपिढ्या टिकते. ती ज्या धंद्याच्या आधारे जगते, तो धंदा मात्र एका अपुऱ्या करारनाम्यानेही कोसळू शकतो. म्हणून सल्ल्याचा खर्च भट्टीच्या खर्चासोबतच, पहिल्या अंदाजपत्रकात मांडला गेला पाहिजे.