प्लेट सी-85ची, आत क्रँकशाफ्ट ओ-200चा

प्रश्न : आम्ही ओहायोत राहतो. निवृत्तीनंतर मी स्पोर्ट पायलटचं लायसन्स काढलं आणि आता 1946चं अर्कूप 415-सी विकत घ्यायचं मनात आहे. इंजिनावरची प्लेट कॉन्टिनेंटल सी-85ची आहे. मालक सांगतो की 2009च्या ओव्हरहॉलमध्ये आत ओ-200 इंजिनाचा क्रँकशाफ्ट, रॉड आणि पिस्टन बसवले. लॉगबुकात त्याची एका ओळीची नोंद आहे, बाकी कागद नाही. विमान उत्तम उडतं. ते अजून कायदेशीर आहे का? की लाइट स्पोर्टमधून बाद झालं? विमा मिळेल का?
— एक वाचक, ओहायो

उत्तर : अर्कूपवर माझा जीव आहे. फ्रेड विक यांनी हे विमान असं आखलं की नवशिक्याच्या हातूनही ते गिरकीत जाऊ नये. मूळ आराखड्यात पायाशी रडर पेडल नाहीत, सगळं हातातल्या चाकावर. युद्धानंतर ते न्यूयॉर्कच्या मेसीज दुकानात विकायला ठेवलं होतं. म्हणूनच तुम्ही ते नीट, निर्वेध घ्यावं असं मनापासून वाटतं.

लाइट स्पोर्टचं, म्हणजे स्पोर्ट पायलटला उडवता येणाऱ्या हलक्या विमानांच्या वर्गाचं, आधी उरकतो. जुन्या व्याख्येत कमाल वजन 1320 पौंड होतं आणि मूळ प्रमाणपत्रापासून आजवर विमान त्या मर्यादेत अखंड राहिलेलं असणं सक्तीचं होतं. 415-सीचं वजन 1260, 415-डीचं 1400. एखाद्याने सीचं कागदोपत्री डी केलं की ते कायमचं बाहेर, पुन्हा सी केलं तरीही. हॉर्सपॉवरचा मात्र त्या व्याख्येशी संबंध नव्हता. शिवाय 22 ऑक्टोबर 2025पासून स्पोर्ट पायलटसाठी वजनाची अट गेली. आता फ्लॅप न उघडता स्टॉलचा वेग 59 नॉटच्या आत हवा, आणि अर्कूप त्यात आरामात बसतं. ही काळजी सोडा.

खरी अडचण त्या एका ओळीत आहे. विमानाचं एअरवर्दिनेस सर्टिफिकेट हे आजन्म मिळालेलं पदक नाही. विमान मंजूर आराखड्याबरहुकूम आणि उडायला सुरक्षित असेल तोवरच ते लागू असतं. आपल्याकडच्या घराचा मंजूर नकाशा आठवा. गच्चीवर चढवलेली खोली कितीही भक्कम असली तरी नकाशात नसेल तर विकताना, कर्ज काढताना आडवी येतेच. इथे नकाशे तीन आहेत : एअरफ्रेमचा, इंजिनाचा आणि प्रॉपेलरचा. प्रत्येकाचं टाइप सर्टिफिकेट वेगळं, आणि तिन्ही एकमेकांशी जुळावी लागतात.

सी-85चा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा प्रवास, 3.625 इंच, ओ-200चा 3.875. पाव इंचाचा फरक, पण त्याने घनफळ 188 घनइंचावरून 201वर जातं. म्हणजे प्लेट एक सांगते आणि आतलं यंत्र दुसरं आहे. हा बदल बेकायदा नाही. सी-85मध्ये ओ-200चे हे भाग बसवण्यासाठी मंजूर एसटीसी, म्हणजे पूरक टाइप सर्टिफिकेट, आहे. पण एफएएच्या, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाच्या, नियमांत हा मोठा फेरबदल धरला जातो. त्यासाठी फॉर्म 337 भरावा लागतो, आयए, म्हणजे तपासणीचा अधिकार, असलेल्या मेकॅनिकने तो मंजूर करावा लागतो, आणि एक प्रत 48 तासांत एफएएकडे पाठवायची असते. शिवाय एसटीसीधारकाची लेखी परवानगी लागते. ती त्या कामाच्या फाइलमध्ये असायला हवी. नुसती छापील एसटीसी कुणाच्याही हाती येऊ शकते.

तेव्हा आधी एफएएच्या ओक्लाहोमा सिटीतल्या विमान रजिस्ट्रीतून विमानाची संपूर्ण फाइल मागवा. मालकाकडून हरवलेला 337 तिथे सापडतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे. सापडला तर निम्मी चिंता मिटली. नसला तर मालकाला सांगा की बसवलेल्या इंजिनाच्या मोठ्या फेरबदलांचे 337 जपणं आणि विक्रीच्या वेळी ते खरेदीदाराला देणं हे त्याचंच कायदेशीर कर्तव्य आहे. ओव्हरहॉलच्या कामाचं पत्रक आणि सुट्या भागांचे यलो टॅग, म्हणजे भाग तपासून पास झाल्याच्या चिठ्ठ्या, मागा. तेही नसतील तर एक सिलिंडर उतरवून पिस्टनचा प्रवास मोजावा लागेल. आत काय आहे ते ठरल्यावर एसटीसीधारकाची परवानगी घेऊन तुमच्या आयएने स्वतः तपासून आजच्या तारखेचा 337 भरावा. मागची तारीख टाकू म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. खोटी नोंद हा गुन्हा आहे आणि त्यात लायसन्स जातं. परवानगी मिळालीच नाही तर मूळ क्रँकशाफ्ट परत बसवणं हा मार्ग उरतो, आणि तो खर्च किमतीतून वजा झाला पाहिजे.

हे सगळं मालकाच्या खर्चाने, पैसे देण्याआधी. करारात तशी अट घाला आणि रक्कम एस्क्रोत, म्हणजे तिऱ्हाइताकडे, ठेवा. एकदा विमान तुमच्या नावावर झालं की ते उडण्यायोग्य ठेवण्याची पहिली जबाबदारी तुमची. आधीच्या मालकाकडे बोट दाखवून सुटका नाही.

विमा मिळेल, प्रश्न दाव्याच्या दिवसाचा आहे. बहुतेक पॉलिसींत एअरवर्दिनेस सर्टिफिकेट अमलात असण्याची अट असते. अपघाताचं कारण इंजिन नसून आडवा वारा असला तरी कंपनीचा माणूस लॉगबुक उघडतो आणि त्या एका ओळीवर थांबतो. म्हणून एजंटला फेरबदल लेखी कळवा आणि त्याचं लेखी उत्तर जपा.

कुणी सुचवेल, विमान एक्स्पेरिमेंटल, म्हणजे प्रायोगिक, वर्गात टाका. ते करू नका. कारखान्यात बनलेलं विमान घरी बांधलेलं म्हणून नोंदवता येत नाही. उरतो एक्झिबिशनचा, म्हणजे प्रदर्शनासाठीच्या विमानांचा, प्रकार, त्यात उड्डाणांवर बंधनं येतात आणि पुन्हा विकताना भाव पडतो.

आणखी एक. इंजिनाला जोर आला म्हणून 1260ची मर्यादा वाढत नाही. उन्हाळ्यात टाक्या भरून, सोबतीला माणूस घेऊन निघाल तेव्हा हा आकडा लक्षात ठेवा. रजिस्ट्रीची फाइल आली की 337ची पानं मला पाठवा. प्रॉपेलर या इंजिनाला चालतो का, तेही त्यातच बघू.